राखेखालचा पाट

अण्णा, तू जाऊन आज सोळा दिवस झाले आणि माझी पंचाईत अशी झालीय की भांडायला घरात माणूस नाही. सकाळी अजून दोन पेले कॉफी हातून होतेच. एक मी पिते, दुसऱ्याकडे बघून चिडते आणि मग तोही मीच पिते. डॉक्टरांनी मला दिवसाला एकच सांगितलीय, हे तुला चांगलं ठाऊक होतं.

भेटायला येणारे दाराबाहेरच्या ओट्यावर, आपल्या तिण्णैवर, बसून तुझे गुण गातात. किती लग्नं रांधलीस, किती पंगती उठवल्यास, कधी मीठ चुकलं नाही. परवा एक गृहस्थ म्हणाले, असा शांत माणूस पुन्हा होणे नाही. शांत! मी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं, बाई रडतेय.

तेव्हा गुणगान त्यांच्याकडे राहू दे. माझ्या वाट्याला आपलं भांडण आलंय, तेही अर्धवट, आणि ते मी आज लिहून पुरं करणार आहे. मध्ये तोंड घालायला तू नाहीस. जन्मात पहिल्यांदाच अशी संधी मिळालीय आणि ती मला मुळीच नको होती.

वाचणाऱ्याला कळावं म्हणून थोडं सांगते, तू ऐकून घे. तू लग्नाचा आचारी, मी शाळेत भूगोल शिकवणारी. तू लग्न केलं नाहीस, माझे यजमान लवकर गेले, आणि बाबांच्या घरात पुढच्या खोल्यांत मी, मागच्या खोल्यांत तू, असे आपण म्हातारे झालो. घरात आपली तंजावरची मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि भांडण दोन्हींत. कुंभकोणमच्या एका अंगाला कावेरी, दुसऱ्या अंगाला अरसलार, आणि दारासुरमकडे जाणारी आपली गल्ली मधोमध, ताटलीच्या खोलगट भागात वाढल्यासारखी. पाऊस पडला की सगळ्या बाजूंचं पाणी आपल्याकडे.

टीव्हीवर पूर दिसला की आपलं सुरू व्हायचं. कधी वाळवंटातल्या शहरात विमानं पाण्यात उभी, कधी स्पेनच्या गल्लीत मोटारी एकीवर एक चढलेल्या, कधी हिमालयात अख्खं गाव चिखलाखाली, कधी आपलीच चेन्नई. मी म्हणायचे, "बघ अण्णा, हवा तापली की तिच्यात वाफ जास्त मावते. समुद्र तापला की वाफ जास्त उठते. मग महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळतो." तू शेंगा सोलता सोलता म्हणायचास, "मज वाफ शिकवू नको गे. चाळीस वर्षं इडल्या उकडतोय. वाफ आभाळात असेना का. पाणी घरात का शिरतं ते सांग. बाहेर जायची वाट माणसानं बुजवली म्हणून शिरतं."

"आणि आभाळ कोणी तापवलं? तेही माणसानंच ना?"

"त्या माणसाचा पत्ता दे. जाऊन विचारतो."

असं हे आपलं. मी आभाळाची, तू गटाराचा. आणि दोघंही एकमेकांना अडाणी समजणारे.

पण एक कबूल करते. एकदा मी अडले होते. शाळेतल्या एका जुन्या विद्यार्थिनीने विचारलं होतं, टीचर, हा अमुक पूर तापलेल्या हवेमुळेच आला असं छातीठोक सांगता येतं का? मी घरी येऊन कुरकुरत होते की एकेका पुराबद्दल असं बोट ठेवता येत नाही, शास्त्रज्ञही जपून बोलतात, आणि मग लोक म्हणतात हे सगळं थोतांड. तू सांबार ढवळत होतास. मागे न बघता म्हणालास, "सांबार खारट झालं, तर त्यातला कुठला कण जास्तीचा होता हे हुडकता येतं का? पण खारट झालं ते जिभेला कळतं ना?" तीस वर्षं भूगोल शिकवला आणि मला हे सुचलं नव्हतं. त्या मुलीला मी हेच सांगितलं. तिला माझी हुशारी वाटली आणि मी ती तशीच वाटू दिली. आता सांगते, ती तुझी होती.

मग तो दिवसही आठवतो. मी बोलण्याच्या भरात म्हणाले, जगभर एवढं जाळतात, धूर करतात, तुझ्या लाकडाच्या चुलीही त्यातच आल्या. तू तीन दिवस कॉफी न मागता स्वतः करून प्यालास. अण्णा, तुझ्या दोन चुलींनी कुठलाही समुद्र तापला नव्हता. जिथं खरंच भसाभस जाळतात तिथंपर्यंत माझा आवाज पोचत नव्हता, म्हणून जो समोर होता त्याच्यावर काढला. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं.

तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी आपण कावेरीला भात घेऊन जायचो. आपल्याकडे मानतात की त्या दिवसांत कावेरी गरोदर असते, पाणी चढलेलं असतं, आणि तिचे डोहाळे पुरवायचे म्हणून चिंचेचा भात, लिंबाचा भात, नारळाचा भात, दहीभात. आमच्या गावात चढत्या पाण्याची पूजा होते, असं मी पुण्याच्या सुनेला सांगितलं तेव्हा तिला खरंच वाटेना. एका वर्षी आपण चार डबे घेऊन घाटावर गेलो तर नदीत नुसती वाळू. काठाला नळाचे फवारे लावले होते आणि बायका त्याखाली उभ्या राहून हळदकुंकू वाहत होत्या. तू डबे उघडलेच नाहीस. म्हणालास, "डोहाळे पुरवायला आलो आणि आई घरीच नाही." आणि त्याच वर्षी ऐप्पसी महिन्यात, दिवाळी उलटल्यावर, आपल्या गल्लीत गुडघाभर पाणी. त्या दिवशी मात्र तू वाद घातला नाहीस. "आभाळाचं काहीतरी बिघडलंय खरं," एवढं पुटपुटलास. मी तुझ्याकडून ते लिहून घ्यायला हवं होतं.

मग गेल्या वर्षीचं पाणी. ते नेहमीचं नव्हतं. मी देवापाशी बसले होते आणि मागच्या दाराने ते आत आलं, काळं, वासाचं, सरळ माझ्या पाटापर्यंत. तुझी मोठाली पातेली अंगणात एकमेकांवर आपटत फिरत होती आणि तू त्यांच्यामागे धावत होतास. माझ्या पेटीत शाळेचे कापडी नकाशे होते, निवृत्तीच्या दिवशी मुलींनी दिलेले. सगळ्यांचा लगदा झाला. शेजारच्या कमलम्मांचा हातमाग खड्ड्यातला, विणणारा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो तसला. गल्लीत पाणी दिसायच्या आधी त्यांच्या खड्ड्यात दिसतं. मागावरची निम्मी झालेली लग्नाची रेशमी साडी त्यांनी वाचवली, पण रंग फुटला तो फुटलाच. त्या बाईला मी पहिल्यांदा रडताना पाहिलं.

त्या दिवशी ओल्या भिंतीला टेकून मी सांगून टाकलं. पुढच्या ऐप्पसीत पाणी उंबऱ्याच्या आत आलं तर मी गणेशकडे पुण्याला जाणार, आणि परत यायची नाही. माझा मुलगा कधीपासून बोलावतोय. चौथा मजला आहे त्याचा. मला वाटलं, तू म्हणशील, थांब गे तुळजा. तू म्हणालास, "जा." नुसतं जा. मला एवढा संताप आला की तुझं जेवण मी झाकूनसुद्धा ठेवलं नाही.

आता तुझ्या हळदीच्या पाण्याचं सांगायला हवं. लग्नाच्या जागी चूल मांडायच्या आधी तुझी एक रीत होती. हंडाभर पाण्यात मूठभर हळद कालवायची, ते पाणी भांडी जिथं घासणार तिथं ओतायचं, आणि कंबरेवर हात ठेवून बघत राहायचं की पिवळा ओघळ कुठं जातो. मंडपाकडे वळला तर सगळा स्वयंपाक उचलून दुसरीकडे. यजमान ताटकळले तरी तुझं बघून झाल्याशिवाय वीट हलायची नाही. लोक हसायचे. मीही हसायचे. पण तुझ्या लग्नांत कधी पंगतीखाली चिखल झाला नाही.

आडीच्या आधीचा आनी महिना संपता संपता एका रणरणत्या सकाळी तू आपल्या दारातल्या गटारात हळदीचं पाणी ओतायला सुरुवात केलीस. एक हंडा, दोन हंडे, पाच. मी ओरडले, "अय्यो, लग्न कोणाचं आहे?" तू पिवळ्या पाण्यामागे चालू लागलास, डोक्यावर पंचा टाकून. मुरुगेसन, तुझ्याबरोबर आयुष्यभर भाज्या चिरलेला, मागून हंडे आणत होता. गटारातून कोपऱ्यावर, तिथून देवळाच्या मागच्या भिंतीशी, तिथून गोठ्याच्या कडेने. अख्खी गल्ली तुम्हा दोघा म्हाताऱ्यांकडे बघत होती. पाणी जुन्या वायक्कालच्या, म्हणजे पाटाच्या, वाटेने गेलं, हे सगळ्यांना दिसलं. आपल्या लहानपणी तो पाट अरसलारपर्यंत वाहायचा. कल्याण मंडपाच्या, म्हणजे लग्नाच्या कार्यालयाच्या, मागच्या भिंतीखाली पिवळं पाणी शिरलं, आणि पलीकडे निघालंच नाही.

तू दुपारी परत आलास. जेवला नाहीस. तिण्णैवर बसलास आणि म्हणालास, "तुळजा, वाट सापडली. बुजवणाराही सापडला."

"कोण मेला तो?" मी विचारलं.

"मी."

मंडप नवा बांधला तेव्हा मागे एक ओलसर खळगा होता. मालकाला तूच म्हणाला होतास, राख लांब कशाला न्यायची, इथंच टाकतो, जमीन सपाट होईल. मालक खूश. आणि मग तीस वर्षं, लग्नामागून लग्न, मुंजीमागून मुंज, चुलींची राख, फुटक्या विटा, करवंट्या, सगळं त्या खळग्यात. तो खळगा नव्हता, तो पाट होता. पुढे मालकाने वर सिमेंट ओतलं आणि त्यावर जनरेटर ठेवला. हंडाभर पाणी ओतल्याशिवाय चूल न मांडणारा माणूस तू, राख टाकताना मात्र पाण्याला विचारायला विसरलास.

आणि मी काय म्हणाले? लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मी म्हणाले, "लोकांची लग्नं लावलीस आणि बहिणीचं घर बुडवलंस. वर मलाच सांगत होतास, वाट माणसानं बुजवली." तू मान खाली घातलीस. त्याआधी माझ्यापुढे तू कधी मान खाली घातल्याचं मला आठवत नाही, तरीही मला गप्प बसता आलं नाही. मी आणखी बोलले. कमलम्मांच्या साडीचंही काढलं.

अण्णा, ते अर्धंच खरं होतं. तुझ्या राखेने वाट बुजली, कबूल. पण ती वाट बुजायला लागून तीस वर्षं झाली होती आणि पाणी घरात शिरायला लागलं ते या काही वर्षांत. आपल्या लहानपणीचा पाऊस असता, सात-आठ दिवस रिपरिप पडून जिरत जाणारा, तर बुजलेल्या वाटेनेही कसाबसा निभाव लागला असता. आता पडतो तो पाऊस वाटच शोधत येतो. राख तुझी, आणि ढग साऱ्या जगाने मिळून भरलेला. हे मला ठाऊक होतं. हा माझाच विषय. आणि नेमकं ते मी त्या दुपारी बोलले नाही, कारण आयुष्यात एकदा तरी मला जिंकायचं होतं. असलं जिंकणं जळो.

दुसऱ्या दिवशी तू घरोघर गेलास आणि सांगून आलास, वाट मी बुजवली. कोणी विचारलंही नव्हतं. मग मंडपात गेलास. मी मागून आले, तू भांडशील आणि तुझा रक्तदाब चढेल म्हणून. मालक खुर्चीतून उठला, तुझ्याबद्दल त्याला आदर होता.

"अण्णा, सिमेंट कसं फोडायचं? जनरेटर आहे तिथं."

"तो हलव."

"इतक्या जुन्या गोष्टी उकरायच्या कशाला?"

"राख माझी आहे," तू म्हणालास. "मी माझी राख न्यायला आलोय. वर तुझं सिमेंट आहे, ते तू ने."

मालक हसला. तू हसला नाहीस. आडी लागत होती, आडीत लग्नं नसतात, मंडप रिकामा होता. तू म्हणालास, "पुढच्या महिन्यात, आवणीत, मुहूर्त सुरू होतील. ती राख तिथं असेपर्यंत माझी चूल इथं पेटणार नाही. आणि कुंभकोणमातली दुसरी कोणाची पेटते का, तेही बघू." गावातले निम्मे आचारी तुझ्या हाताखाली मीठ टाकायला शिकलेले. मालकाने पाणी मागवलं. मग दोन दिवस विचार केला. मग जनरेटर हलवला. अण्णा, मी त्या वेळी तोंड वाकडं करून उभी होते, पण आतून मला असं वाटत होतं की गल्लीभर ओरडत सुटावं, हा बघा, हा माझा भाऊ आहे.

आणि मग ते खोदकाम! पायस ढवळणारे हात फावडी घेऊन उतरले. मुरुगेसन, तुझे वाढपी, गल्लीतले सगळे. कमलम्मा माग बंद ठेवून पाट्या उचलायला आल्या आणि त्यांना बघून बाकीच्या बायका आल्या. मी आले नाही. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. तिण्णैवरून बघत मात्र होते. करड्या राखेचे थर निघाले, एकाखाली एक, आणि तू प्रत्येक थराला हे कोणाचं लग्न असेल ते सांगत होतास, म्हणजे ठोकून देत होतास. तळाशी नाचियारकोविलची पितळी पळी निघाली. कित्येक वर्षं तू ती पळी मी हरवली म्हणून माझं डोकं खाल्लं होतंस! तू ती धुतलीस, पुसलीस, आणि माझ्या हातात न देता स्वयंपाकघरात टांगलीस. माफी मागायची राहिलीच तुझी. फिट्टंफाट म्हणू या.

आवणीच्या तोंडावर तू पुन्हा दारात हळदीचं पाणी ओतलंस. या वेळी आम्ही सगळे मंडपाच्या पलीकडच्या अंगाला जाऊन उभे राहिलो. मीही, गुडघ्यांसकट. बराच वेळ काही नाही. मग पिवळी धार आली. एवढीशी, पण आली, आणि अरसलारकडे चालू लागली. लोकांनी तुला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. तू पंचाने तोंड पुसत राहिलास, आणि मी तुला शाबास म्हणाले नाही. म्हणाले, "हंडाभर पाण्यानं काय होतंय, खरा पाऊस येऊ दे." तू म्हणालास, "येऊ दे की."

तो येण्याआधी तू गेलास. ऐप्पसी लागून चार दिवस झाले होते. कॉफी पिऊन तू तिण्णैवर आडवा झालास, तोंडावर पेपर. मी म्हणाले, पेपर चुरगळू नको, माझा वाचायचाय. मग भाजीवाला आला, मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा ओरडले. अण्णा, मी ओरडले तुझ्यावर, आणि तू पहिल्यांदाच उलट बोलला नाहीस. त्यापुढचं मी लिहीत नाही.

गणेश आला, त्याने भाच्याच्या नात्याने सगळं केलं. चौथ्या दिवशी मला म्हणाला, "आई, आता इथं एकटी नको. तेराव्यानंतर माझ्याबरोबर चल. दोन तिकिटं काढलीत." मी म्हणाले, पाण्याचं बघू. तो म्हणाला, पाणी तर येणारच आहे, दर वर्षी येतं. मी बॅग भरायला घेतली. खरं सांगते, तुझ्या पाटावर माझा भरवसा नव्हता. तू असतास तर होता.

आठव्या दिवशी उपसागरातून वादळ आलं. मोबाइलवर इशारे, शाळा बंद, आणि मग आभाळ सांडलं. दिवसभर, रात्रभर, आणि नवव्या दिवशी सकाळीही तसंच. असा पाऊस मी पाहिला नव्हता, गेल्या वर्षीही नाही. गल्ली भरली. पाणी पहिल्या पायरीवर आलं. गणेशने पँट वर दुमडली आणि तुझी पातेली उचलून माळ्यावर टाकायला लागला. दुसरी पायरी बुडाली. मी दारात खुर्ची टाकून बसले. तिसऱ्या पायरीनंतर उंबरा. मी मनात तुला शिव्या देत होते, अण्णा, आणि हातही जोडत होते, एकाच वेळी.

मग काही वेळ काहीच झालं नाही. पाऊस तसाच, आणि पाणी तिसऱ्या पायरीच्या खाली. मी वाट बघत होते. पाणी थांबलं होतं. नीट पाहिलं तर थांबलं नव्हतं, ते चाललं होतं. केळीचं एक पान दारावरून सावकाश पुढे गेलं, कोपऱ्यावर वळलं. कोणाची तरी चप्पल त्याच्यामागे गेली. पलीकडून कमलम्मांचा आवाज आला, "तुळजाबाई! खड्डा कोरडा आहे! खड्ड्यात पाणी नाही!" आणि लांबून, मंडपाकडून, मुरुगेसनची आरोळी. तो म्हातारा पहाटेपासून पाटाच्या तोंडाशी बांबू घेऊन उभा होता, अडकलेला पाला काढत. घसा फोडून ओरडत होता, "पोगुदु! पोगुदु!" जातंय, जातंय!

दाराबाहेर येऊन लोक ओरडायला लागले. गणेश पातेलं हातात धरून तसाच उभा. आणि मी, सुतकातली बाई, भाऊ जाऊन नऊ दिवस झालेली, भर पावसात पायरीवर उभी राहून टाळ्या वाजवत होते. नाचले असते, गुडघे बरे असते तर. रडतही होते, पण ते पावसात कोणाला दिसणार? दिसलं असतं तरी पर्वा नव्हती. अण्णा, तू जिंकलास रे! घरात थेंब नाही. देवापाशी नाही, मागच्या दारात नाही. वरच्या गल्ल्यांतून जे आलं ते आलं आणि तुझ्या राखेच्या जागेवरून नदीला गेलं. शाबास, अण्णा. शाबास, शाबास. उशिरा म्हणतेय, पण पोटातून म्हणतेय.

तेराव्याचं गोड जेवण तुझ्याच माणसांनी आपल्या अंगणात रांधलं, कोरड्या अंगणात. मीठ बरोबर होतं. जेवणं झाल्यावर कमलम्मा माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "खोदताना त्यांचा श्वास लागायचा. मी म्हटलं, अण्णा, तुमचं वय आहे का हे, सोडा, बाकीचे करतील. तर म्हणाले, तुळजा पुण्याला गेली तर मी भांडू कोणाशी? तिला थांब म्हटलं तर ती मुद्दाम जाईल. म्हणून वाट मोकळी करतोय."

मग तू मला "जा" का म्हणालास ते कळलं. अरे लबाडा, मला इतका ओळखत होतास! साठ वर्षांच्या भांडणात तू मला पाठ करून टाकलंस आणि मला पत्ता नाही. तुला कोणी सांगितलं मी गेले असते म्हणून? बॅग भरली असती, स्टेशनपर्यंत गेले असते, आणि तुझ्या जेवणाचं काय म्हणून परत आले असते. हे तुला सांगायचं राहिलं. तू न खोदताही मी राहिले असते, अण्णा. पण तू खोदलंस ते बरं केलंस, कमलम्मांचा माग चालू आहे.

एवढं सगळं कबूल करूनही एक मुद्दा मी सोडणार नाही. आभाळाचं माझंच खरं आहे. तुझा पाट या वर्षी पुरला. कोणीतरी कुठंतरी धूर कमी केल्याशिवाय तो कायमचा पुरेल असं नाही, आणि तसं मी जिथं बोलता येईल तिथं बोलत राहणार आहे. परवा देवळाच्या मागच्या गल्लीतल्या बायका आल्या होत्या, त्यांच्याकडे अजून पाणी तुंबलंय. मी चष्मा लावून त्यांच्याबरोबर गेले. मुरुगेसनही आला. मला तुझ्याइतकं कळत नाही, पण मला उतार कळतो, आणि मी शिक्षिका आहे, लोक मला घाबरतात.

काल गणेश गेला. त्याला सोडायला स्टेशनवर गेले होते. एक तिकीट त्याने रद्द केलं होतं. गाडी लागली तेव्हा त्याने माझा हात धरला आणि विचारलं, "आई, तूच म्हणतेस ना, समुद्र तापतोय म्हणून? पुढच्या वर्षी याहूनही जास्त पाऊस पडला तर?"

"पडेल," मी म्हणाले. "जास्तच पडेल. म्हणून तर मला इथं राहायला हवं."